चारांतला एक, सेकंदाला चार

वुहानमधल्या चार रुग्णालयांत १ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०२० या काळात ३४ जणांची ऑपरेशनं झाली. आधीपासून तारीख ठरलेली, तातडीची नसलेली ऑपरेशनं. विषाणू शरीरात शिरला होता, पण आजार अजून वर आला नव्हता, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत सगळ्या ३४ जणांना न्यूमोनिया झाला. १५ जणांना आयसीयूत हलवावं लागलं आणि ७ जण दगावले.

३४ माणसांवरून जगाबद्दल काही ठरवू नये, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवतात. पण हा शोधनिबंध आला एप्रिल २०२० मध्ये, आणि तेव्हा जगभरच्या सर्जनांपुढे याहून मोठा आकडाच नव्हता. ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर पाचांतला एक जातो, ही गोष्ट आयुष्यभर हर्निया आणि पित्ताशयं करत आलेल्या माणसाच्या पचनी पडणारी नव्हती. एकतर आकडा चुकला असणार, किंवा काहीतरी भयंकर चाललं असणार.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात अनील भंगू आणि दिमित्री नेपोगोदिएव यांच्याकडे तोवर वेगवेगळ्या देशांतल्या सर्जनांचं एक जाळं तयार होतं. त्यांनी या जाळ्यातल्या रुग्णालयांना साधा प्रश्न विचारला : ज्यांचं ऑपरेशन झालं आणि आधीच्या ७ दिवसांत किंवा नंतरच्या ३० दिवसांत ज्यांना करोना असल्याचं कळलं, त्यांचं पुढे काय झालं? ‘कोविडसर्ज’ नावाच्या या गटाची पहिली मोठी मोजदाद मे २०२०च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. २४ देश, २३५ रुग्णालयं, १,१२८ रुग्ण. त्यांतले २६८ जण तीस दिवसांच्या आत गेले. म्हणजे २३.८ टक्के, चारांतला जवळजवळ एक. वुहानचा आकडा चुकला नव्हता.

या २३.८ टक्क्यांच्या पोटात शिरलं की आणखी काही दिसतं. पुरुषांत मृत्यूचं प्रमाण २८.४ टक्के, बायकांत १८.२. सत्तरी ओलांडलेल्यांत ३३.७ टक्के, त्याखालच्यांत १३.९. हे अपेक्षितच म्हणायचं. तातडीच्या ऑपरेशननंतर २५.६ टक्के, हेही समजण्यासारखं. पण ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर १८.९ टक्के? आणि अपेंडिक्स, हर्निया यांसारख्या छोट्या ऑपरेशननंतर १६.३ टक्के? अशा कामात मृत्यू एरवी शंभरात एकाहूनही कमी असतात. ब्रिटनमध्ये पोट उघडून करायच्या तातडीच्या ऑपरेशनांची दरवर्षी तपासणी होते. २०१९च्या अहवालात सगळ्यांत जोखमीच्या गटाचा मृत्युदर १६.९ टक्के होता. थोडक्यात, करोनासह साधा हर्निया दुरुस्त करून घेणं हे करोनाविना फाटलेलं आतडं शिवून घेण्याइतकं धोक्याचं झालं होतं.

या १,१२८ जणांपैकी फक्त २९४ जणांना करोना असल्याचं ऑपरेशनआधी ठाऊक होतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांचं निदान चिरा घातल्यानंतर झालं. सर्जनने चुकीचा निर्णय घेतला असं म्हणायचं तर आधी त्याच्या हातात माहिती असायला हवी होती, आणि २०२०च्या पहिल्या तीन महिन्यांत स्वॅब तपासण्याची सोयच जगात मोजक्या ठिकाणी होती.

मारत होती ती फुप्फुसं. १,१२८पैकी ५७७ जणांना ऑपरेशननंतर श्वसनाचा गंभीर त्रास झाला, आणि एकूण २६८ मृत्यूंपैकी २१९ याच लोकांचे. वजाबाकी केली की खरी दरी दिसते : फुप्फुसं शाबूत राहिलेल्या ५५१ जणांपैकी ४९ गेले, म्हणजे शंभरात ९. फुप्फुसं बिघडलेल्यांपैकी गेले शंभरात ३८. पूर्ण भूल देताना श्वासनळीत ट्यूब घालतात, श्वास यंत्र घेतं, फुप्फुसाचे तळाकडचे कप्पे काही काळ नीट फुगत नाहीत. नंतर टाक्यांच्या दुखण्यापायी माणूस खोकतही नाही, मग कफ साठतो. निरोगी माणूस हे सगळं दोन-चार दिवसांत निभावून नेतो. त्यात चिऱ्याच्या आघाताने शरीरात दाह उसळतो आणि प्रतिकारशक्ती काही दिवस दबते. करोनालाही नेमकं हेच हवं असतं. शिवाय तो रक्तात गुठळ्या करतो, आणि ऑपरेशननंतर बिछान्यावर पडून राहिल्यानेही गुठळ्या होतात. पुढे याच गटाने १,२८,०१३ रुग्णांवर ते मोजलं : करोना नसलेल्यांत पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण ०.५ टक्के, ऑपरेशनच्या आसपास करोना असलेल्यांत २.२ टक्के. करोना झालेल्यांपैकी ७६ जणांना अशी गुठळी झाली आणि त्यांतले ३१ वाचले नाहीत.

आता या आकड्याबद्दल थोडं सावध बोलायला हवं. चारांतला एक हा आकडा खोटा नव्हता, पण तो कशाने भागून आला हे त्या घाईत फार थोड्यांनी पाहिलं. त्या तीन महिन्यांत चाचणी व्हायची ती बहुतेक वेळा ज्याला त्रास होतोय त्याची. ऑपरेशननंतर दोन दिवस अंग मोडून आलं आणि बरं वाटलं, असा माणूस त्या १,१२८मध्ये शिरलाच नाही. तेव्हा भागाकारात खालचा आकडा लहान होता आणि उत्तर फुगलेलं होतं. किती फुगलेलं, ते कळायला पुढचा ऑक्टोबर उजाडावा लागला. पण मे महिन्यात जगाने उत्तर वाचलं आणि ऑपरेशन थिएटरना कुलपं लावली. खरं तर बरीचशी आधीच लागली होती.

बर्मिंगहॅमच्या याच मंडळींनी त्याच महिन्यात दुसरा अंदाज मांडला, आणि माझ्या मते तो पहिल्याहून जास्त हादरवणारा आहे. साथीच्या ऐन भरातल्या बारा आठवड्यांत १९० देशांत मिळून २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशनं रद्द होतील किंवा पुढे जातील. हे प्रमाण होतं ठरलेल्या एकूण ऑपरेशनांच्या ७२.३ टक्के. बारा आठवडे म्हणजे सुमारे ७२ लाख ५८ हजार सेकंद. भागाकार केला तर असं येतं की त्या काळात जगात दर सेकंदाला साधारण साडेपाच ऑपरेशनं ठरलेली होती आणि त्यांतली चार होत नव्हती. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत वीसेक माणसांना ‘तुमची तारीख पुढे गेली आहे’ असा फोन. दिवसरात्र, चौऱ्याऐंशी दिवस. थिएटरं त्यापुढेही बंद राहिली तर आठवड्याला आणखी २४ लाखांची भर.

यांतली ६३ लाख ऑपरेशनं हाडांची होती : झिजलेले गुडघे, खुबे. कर्करोगाची २३ लाख. कर्करोग नसलेल्या आजारांची तर ९० टक्के ऑपरेशनं थांबणार होती. भारताच्या वाट्याला आली ५ लाख ८४ हजार, म्हणजे दिवसाला जवळपास सात हजार. त्यांत कर्करोगाची ५१ हजारांच्या घरात. आणि सगळं सुरळीत झाल्यावर प्रत्येक देशाने नेहमीपेक्षा २० टक्के जास्त काम केलं तरी साचलेला ढीग उपसायला साधारण ४५ आठवडे लागणार होते. वीस टक्के जास्त म्हणजे आठवड्याचे सहा दिवस चालणारी ओटी सातव्या दिवशीही चालवायची आणि त्यावर आणखी थोडं. नर्सेस कुठून आणायच्या, भूलतज्ज्ञ कुठून आणायचे, हा प्रश्न कोष्टकात बसत नाही.

हे सगळे मॉडेलमधले अंदाज आहेत, मोजलेले रुग्ण नव्हेत. पण मोजलेलेही आहेत. ६१ देशांतल्या ४६६ रुग्णालयांत कर्करोगाच्या ऑपरेशनची तारीख मिळालेल्या २०,००६ रुग्णांचा पाठपुरावा झाला आणि तो २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. सरासरी २३ आठवड्यांनंतरही त्यांतल्या २,००३ जणांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, आणि प्रत्येकाच्या कारणात करोना होता. निर्बंध सौम्य होते तिथे हे प्रमाण ०.६ टक्के, मध्यम निर्बंधांत ५.५ टक्के, पूर्ण लॉकडाउनमध्ये १५ टक्के. या आकड्यांशेजारी आणखी एक ठेवू. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या संकलनानुसार कर्करोगाचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. टेबलावर गेलेल्या माणसाचा मृत्यू त्याच दिवशी नोंदला जातो. तारीख पुढे गेलेला माणूस दोन वर्षांनी घरी जातो, आणि त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘ऑपरेशन वेळेवर झालं नाही’ असा रकाना नसतो.

म्हणूनच परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं २०२० मधलं काम मला फार मोलाचं वाटतं. २३ मार्च ते ३० एप्रिल. मुंबईची लोकल बंद, रस्ते ओस, आणि हातात कोणताही विश्वासार्ह आकडा नाही. त्या अवधीत टाटात कर्करोगाची ४९४ ठरलेली ऑपरेशनं झाली. डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी ती ‘अॅनल्स ऑफ सर्जरी’त मांडली. सोपी सोपी निवडून केलेली नव्हती : ४९४पैकी ४२३ गुंतागुंतीची. ३७७ रुग्णांची तर करोना चाचणीही झालेली नव्हती. गंभीर गुंतागुंत २८ जणांना झाली. नंतर ज्यांची चाचणी केली त्या २६पैकी ६ जणांना करोना निघाला आणि सहाही जण आयसीयूविना बरे झाले. मृत्यू शून्य.

शून्य हा मात्र फसवा आकडा असतो. संख्याशास्त्रात एक ढोबळ नियम आहे : ‘न’ वेळा प्रयत्न करूनही एखादी गोष्ट घडली नाही, तर तिची खरी शक्यता जास्तीत जास्त तीन भागिले ‘न’ एवढी असू शकते. इथे ३ भागिले ४९४, म्हणजे ०.६ टक्के. शून्य नव्हे, पण २३.८ तर नव्हेच नव्हे. अर्थात टाटाचे रुग्ण तरुण होते, निम्म्यांचं वय ४८च्या आत, दोन-तृतीयांशांना कर्करोगाव्यतिरिक्त दुसरा आजार नव्हता, आणि एप्रिल २०२० मध्ये मुंबईत साथ अजून चढत होती. ‘लॅन्सेट’च्या रुग्णांना करोना होताच, टाटाच्या बहुतेकांना नव्हता. त्यामुळे ही तुलना सरळ नाही. पण प्रश्न सरळ आहे : करोनाच्या भीतीने करोना नसलेल्यांची ऑपरेशनं थांबवायची का? टाटाने नाही म्हटलं. पुढे ५५ देशांतल्या ९,१७१ कर्करुग्णांच्या पाहणीत त्याला पुष्टी मिळाली. करोनाचे रुग्ण जिथे येतच नाहीत अशा वेगळ्या वाटेने, वेगळ्या वॉर्डात, वेगळ्या ओटीत ज्यांना नेलं त्यांच्यात श्वसनाचा त्रास २.२ टक्के, जिथे सगळे एकत्र तिथे ४.९ टक्के.

आता ऑक्टोबर २०२०. ‘कोविडसर्ज’ने त्याच्या भावंड-गटाबरोबर जगभरातल्या रुग्णालयांना सांगितलं की ठरवून दिलेल्या आठवड्यात तुमच्याकडे होईल ते प्रत्येक ऑपरेशन नोंदवा, करोना असो वा नसो. भागाकाराचा खालचा आकडा आता पूर्ण असणार होता. ११६ देशांतून, १,६७४ रुग्णालयांतून १,४०,२३१ नोंदी आल्या. ऑपरेशनआधी करोना होऊन गेलेले किंवा असलेले त्यांत ३,१२७ निघाले, म्हणजे २.२ टक्के. करोना न झालेल्यांत तीस दिवसांतला मृत्युदर १.५ टक्के. करोनाचं निदान दोन आठवड्यांच्या आतलं असेल तर ४.१ टक्के. तीन-चार आठवडे उलटले असतील तर ३.९. पाच-सहा आठवडे, ३.६. आणि सात आठवडे झाले की एकदम १.५. म्हणजे जणू काही झालंच नव्हतं. मात्र सात आठवड्यांनंतरही ज्यांचा खोकला, दम गेला नव्हता, त्यांच्यात ६ टक्के.

वय, आजार, ऑपरेशनचा प्रकार हे सगळं जमेस धरून काढलेल्या या टक्केवाऱ्यांतून जगभर ‘सात आठवडे थांबा’ हा नियम निघाला. या नियमाचा पाया किती रुंद आहे ते पाहिलं तर गंमत वाटते. १ लाख ४० हजारांचा डोंगर खरा, पण पाच-सहा आठवड्यांच्या खणात होते अवघे ३२६ रुग्ण. ३.६ टक्के म्हणजे ढोबळमानाने बारा मृत्यू. सात आठवड्यांवरच्या खणात १,२०२. सहाव्या आणि सातव्या आठवड्यात जी भिंत दिसते, ती उभी राहिली आहे या बाराएक माणसांच्या बळावर. भिंत नसून उतार असेल, असं मला वाटतं. शरीराला सोमवार-मंगळवार कळत नाही. पण नियम करायचा तर कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि हातात याहून बरी रेघ कोणाच्याच नव्हती.

या कामातून निघालेल्या एका निबंधाची गिनीज बुकात नोंद आहे. मार्च २०२१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त आलेल्या त्या निबंधाचे लेखक आहेत १५,०२५. आधीचा विक्रम होता भौतिकशास्त्रज्ञांचा, हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या निबंधाचा, ५,१५४ लेखक. ३३ पानांत २४ पानं नुसत्या नावांची. १५,०२५ नावं एकेकाला दोन सेकंद देऊन मोठ्याने वाचायची म्हटली तर आठ तास वीस मिनिटं लागतील, पाणी प्यायला न थांबता. यातले पुष्कळजण असे की दिवसभर ड्यूटी करून रात्री स्वतःच्या वॉर्डातल्या केसपेपरवरून आकडे भरत होते. निबंधाचा विषय होता लस आधी कोणाला. सत्तरीपुढच्या सर्वसाधारण लोकांत एका वर्षात करोनाचा एक मृत्यू टाळायला १,८४० जणांना लस द्यावी लागेल. कर्करोग सोडून दुसऱ्या ऑपरेशनच्या रांगेत असलेल्यांत ७३३ जणांना. कर्करोगाच्या ऑपरेशनच्या रांगेतल्यांत फक्त ३५१. रांग अशी लावली तर जगात वर्षाला आणखी ५८,६८७ मृत्यू टळतील, असा त्यांचा अंदाज. पंधरा हजार डॉक्टरांनी मिळून सांगितलेली गोष्ट धोरण आखणाऱ्यांना ऐकू जायला हवी होती, पण लशी तेव्हा एवढ्या कमी होत्या की रांगेत कोण पुढे यावरून सगळीकडे वेगळीच भांडणं चालू होती.

आपल्याकडे तर २०२१च्या उन्हाळ्यात असं ऑपरेशन आलं ज्याला सात आठवडे कोणी सांगूच शकत नव्हतं. काळी बुरशी. ७ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने २८ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतले मिळून २८,२५२ रुग्ण जाहीर केले. सर्वांत जास्त महाराष्ट्रात, ६,३३९. त्यांतले बहुतेक नुकतेच करोनातून उठलेले, निम्म्याहून जास्त मधुमेही. सायनसमधला, जबड्यातला मेलेला भाग खरवडून काढायचा, काहींचा डोळाही काढायचा, आणि तेही आज, उद्या नाही. बर्मिंगहॅमचं कोष्टक इथे निरुपयोगी होतं. डॉक्टरांनी ४.१ टक्क्यांच्या खणातल्या माणसांना टेबलावर घेतलं, कारण न घेण्याचा खण त्याहून वाईट होता.

या सगळ्या मोजदादीत एक आकडा करोनाच्या आधीचा आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. ‘लॅन्सेट’च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं होतं की जगात दरवर्षी गरज असूनही न होणारी ऑपरेशनं आहेत १४ कोटी ३० लाख. म्हणजे बारा आठवड्यांच्या त्या २ कोटी ८४ लाखांच्या पाचपट. दरवर्षी. कुठलाही विषाणू नसताना, कुठलाही लॉकडाउन नसताना. २०२० मध्ये न झालेली ऑपरेशनं कोणीतरी मोजली, कारण त्या वेळी ती सुखवस्तू देशांतल्या लोकांचीही होऊ शकत नव्हती. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांतल्या उपचारांची प्रतीक्षायादी साथीआधी ४५ लाखांच्या आसपास होती, ती सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली आणि तिच्यावर तिथल्या निवडणुका गाजल्या. गडचिरोलीतल्या एखाद्या खेड्यातल्या हर्नियाची अशी यादीच नसते.

विषाणू पुढे बदलला, लशी आल्या, आणि सात आठवड्यांची रेघही मऊ झाली. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये सांगितलं की ठरलेलं ऑपरेशन करोनानंतर किमान दोन आठवडे पुढे ढकला, आणि दोन ते सात आठवड्यांच्या मधलं माणूस पाहून ठरवा.

तेव्हा घरात कोणाच्या ऑपरेशनची तारीख ठरली असेल आणि फिटनेससाठी जायचं असेल, तर गेल्या दोन महिन्यांत करोना झाला होता का, खोकला किंवा जिना चढताना दम अजून आहे का, हे भूलतज्ज्ञांना त्यांनी विचारायच्या आधी सांगा. आणि त्या धास्तीने तारीख स्वतःहून पुढे ढकलू नका, कर्करोगाची गाठ असेल तर मुळीच नको. थांबायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.